सारख्या चेहऱ्याची किल्ली

प्रश्न : विकर (एन्झाइम) आणि त्याचा रेणू म्हणजे कुलूप-किल्ली, असं जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलं. मग जवळपास तशीच दुसरी किल्ली आली तर पेशी फसते का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : फसते, आणि सपशेल फसते. याच मुद्द्यावर तोंडी परीक्षेत माझी फजिती झाली होती. "सल्फा औषधं जिवाणूंना मारतात," असं मी ठोकून दिलं. परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मारतात, की उपाशी ठेवतात?" मी गप्प.

बऱ्याच जिवाणूंना फोलेट हे ब-गटातलं जीवनसत्त्व स्वतः बनवावं लागतं. त्याचा कच्चा माल म्हणजे पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल, थोडक्यात 'पाबा' : षटकोनी कडी, एका टोकाला अमिनो (नत्रवाला) गट, समोरच्या टोकाला कार्बोक्सिल (आम्लाचा) गट. सल्फानिलअमाइड या सल्फा औषधाची कडी तीच, अमिनो गटही तिथेच. फक्त कार्बोक्सिलच्या जागी गंधकवाला गट. फोलेट बनवणाऱ्या विकराच्या खाचेत सल्फानिलअमाइडचा रेणू पाबाच्या जागी जाऊन बसतो, पण त्याच्यापासून फोलेट काही होत नाही. फोलेट आटलं की डीएनए बनवायचा माल कमी पडतो आणि जिवाणूंची वाढ थांबते. पुढचं काम आपल्या पांढऱ्या पेशींचं. आपल्याला फोलेट अन्नातून मिळतं, ते विकर आपल्याकडे नाहीच, म्हणून आपण या फसवणुकीतून सुटतो.

1940 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड वुड्स यांनी दाखवलं की, पाबा वाढवला की सल्फाचा असर उतरतो. म्हणजे कुलूप बिघडत नाही. एका जागेसाठी दोघांची रेटारेटी चालते, आणि ज्याची संख्या जास्त त्याची सरशी. (कुलूप-किल्लीची उपमा जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांची, 1894 ची. मला ती जरा ताठर वाटते, कारण रेणू बसताना विकरही थोडं वळतं.)

सारखेपणा म्हणजे नेहमी दगाच, असं मात्र नाही. एटीपी, एनएडी, एफएडी, कोएन्झाइम-ए या पेशीतल्या मदतनीस रेणूंची कामं निरनिराळी, तरी प्रत्येकात अ‍ॅडेनोसिनचा तुकडा आहे. हत्यारं वेगळी, दांडा एकच! कित्येक विकरं या दांड्यालाच धरतात.

एक करून बघ. पाबा आणि सल्फानिलअमाइड पारदर्शक कागदावर काढ आणि एकावर एक ठेव. अमिनो गट नि कडी तंतोतंत जुळतील, फरक फक्त एका टोकाला दिसेल. मी ही आकृती परीक्षेनंतर काढली.