वाचक विचारतात : दुसऱ्याच्या देशात विमानं कशाला?

प्रश्न : रामराम भाऊ. माझा पोरगा दोहाला एसीच्या कामावर आहे. २०२५च्या जूनमध्ये इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर मिसाइलं टाकली, त्या रात्री घरात कोणी झोपलं नाही. अमेरिकेकडे एवढी विमानवाहू जहाजं असताना दुसऱ्याच्या देशात विमानं नेऊन ठेवायची कशाला? याने लढाई थांबते का ओढवते? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : रामराम दादा. जहाजावर साठ-सत्तर विमानं मावतात खरी, पण बी-५२ सारखं बॉम्बर किंवा हवेतच इंधन भरून देणारं मोठं टँकर विमान तिथून उडूच शकत नाही, त्याला लांब रनवे, इंधनाच्या टाक्या, बॉम्बची कोठारं, मेकॅनिक सगळं जमिनीवरच लागतं.

आता धाकाचं बघा. २ ऑगस्ट १९९० ला इराकच्या सद्दामने कुवेत घेतलं, पुढचा नंबर सौदीचा अशी भीती होती. सौदीने हो म्हटल्याबरोबर अमेरिकेची एफ-१५ लढाऊ विमानं व्हर्जिनियातून निघाली, वाटेत पुन्हा पुन्हा हवेतच इंधन भरत ८ तारखेला सौदीतल्या धहरानला उतरली पण. तेव्हा सौदीवर स्वारी झाली नाही. पण सद्दाम खरंच येणार होता का? केळीच्या बागेत जागल्या ठेवला आणि चोरी झाली नाही, तर ती जागल्यामुळेच टळली हे कसं सांगणार, तसंच हे.

खरी मेख परवानगीत आहे, रनवे दुसऱ्याचा ना! १९८६ ला लिबियावर हल्ला करायला इंग्लंडहून निघालेल्या अमेरिकेच्या एफ-१११ विमानांना फ्रान्स-स्पेनने वरून जाऊ दिलं नाही, मग काय, समुद्रावरून एवढा मोठा वळसा मारावा लागला. २००३ ला तुर्कस्तानच्या संसदेनेच नाही म्हटलं आणि इराकवर उत्तरेकडून सैन्य घुसवायचा अमेरिकेचा बेत बारगळला.

आणि तुमच्या पोराच्या गावाजवळचा तो अल उदेद तळ. हल्ल्याच्या काही दिवस आधीच तिथली बरीच विमानं हलवली होती, म्हणजे धाकासाठी ठेवलेली विमानं ऐन वेळी लपवायची पाळी आली, आता बोला! उघड्यावर ओळीने उभी विमानं म्हणजे मिसाइलला आयतं निशाण. प्रशांत महासागरातल्या अमेरिकेच्या ग्वाम बेटावर २००४ पासून बॉम्बर कायम आळीपाळीने असायचे, २०२० ला ते बंद केलं, आता कधी येतील, कुठे उतरतील याचा पत्ता लागू देत नाहीत. मला विचाराल तर हेच जास्त शहाणपणाचं. थांबते का ओढवते म्हणाल तर दोन्ही होतं, आणि झळ यजमान देशाला पण बसते. त्या रात्री तळावर कोणी दगावलं नाही हे नशीब.

प्रश्न : आपले असे तळ आहेत का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : लढाऊ विमानं कायमची ठेवलेला एकही नाही. ताजिकिस्तानात आयनीचा रनवे आपण दुरुस्त करून दिला होता, तिथला आपला करार २०२२ ला संपला. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर आपण बांधलेल्या धावपट्टीचं २०२४ ला उद्घाटन झालं, पण तो लष्करी तळ नाही असं मॉरिशस सांगतं.