फर्मवेअरमधल्या कंपायलर वॉर्निंग तात्पुरत्या कशा बंद कराव्यात?

चिप कंपनीच्या ड्रायव्हर कोडमधून शेकडो वॉर्निंग येतात, डब्ल्यू-एररमुळे (वॉर्निंगलाच एरर मानायला लावणारा कंपायलरचा पर्याय, म्हणजे फ्लॅग) बिल्ड अडतो, तर मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये, स्मॉल डब्ल्यूचा फ्लॅग टाकून सगळ्याच बंद कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. नका करू.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत द्राक्षबागांच्या ठिबकचे कंट्रोलर बनवायचो, तिथे असंच केलं होतं. नोंदी २०० वरून ३०० केल्या, पण त्या मोजणाऱ्या लूपचा काउंटर ८ बिटांचाच राहिला. तो २५५ नंतर पुन्हा शून्यावर येतो, ३०० पर्यंत पोचणार कसा? लूप संपेना, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर) बोर्ड रीसेट करत राही, आणि ऐन पाण्याच्या पाळीत व्हॉल्व्ह बंद. निफाडच्या एका बागेत आम्ही दोन दिवस वायरिंग तपासत बसलो. डब्ल्यू-एक्स्ट्रा हा जादा वॉर्निंग दाखवणारा फ्लॅग चालू असता तर ‘ही तुलना कायम खरीच ठरते’ हे जीसीसी कंपायलरने पहिल्याच बिल्डला सांगितलं असतं. शेतकऱ्याचं पाणी चुकलं, ते मला अजून लागतं.

म्हणून गप्प करायचं ते नेमक्या ओळींपुरतं. त्यासाठी प्रॅग्मा, म्हणजे कोडमधूनच कंपायलरला दिलेली सूचना, वापरा: ‘प्रॅग्मा जीसीसी डायग्नॉस्टिक पुश’ लिहा, खाली ‘इग्नोअर्ड’ आणि त्या एकाच वॉर्निंगचं नाव, मग त्या ओळी, आणि शेवटी ‘पॉप’. जीसीसी ४.६ पासून हे चालतं, क्लँग कंपायलरलाही कळतं. आयएआर कंपायलरची पद्धत वेगळी, तिथे वॉर्निंगचा नंबर द्यावा लागतो. हेडर फाइलमध्ये पॉप विसरलात तर ती हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये तिथून पुढे तीच वॉर्निंग गायब होते, आणि हे पटकन लक्षातही येत नाही. प्रॅग्माच्या वर कारण आणि तारीख लिहा, नाहीतर तात्पुरतं ते कायमचं होऊन बसतं.

तुमच्या बाबतीत मात्र प्रॅग्माची गरज कमीच पडेल. चिप कंपनीच्या हेडरचा फोल्डर नेहमीच्या ‘आय’ फ्लॅगऐवजी ‘आयसिस्टम’ फ्लॅगने द्या, तिथल्या बहुतेक वॉर्निंग आपोआप थांबतात. त्यांच्या सी फाइल्सना मेकफाइलमध्ये वेगळे, सौम्य फ्लॅग लावा. इंटरप्ट कॉलबॅकमधला न वापरलेला पॅरामीटर असेल तर व्हॉइड कास्ट पुरे.

‘मेबी-अनइनिशियलाइज्ड’ (व्हेरिएबलला किंमत न देताच ते वापरलं असावं) या वॉर्निंगवर प्रॅग्मा कधीकधी चालत नाही, कारण ती वॉर्निंग ऑप्टिमायझेशनच्या टप्प्यात निघते. तिथे आधी व्हेरिएबल खरंच कुठल्या वाटेने रिकामं राहतं का ते बघा.