घर सोडणाऱ्या मुलांची गोष्ट

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही इंग्रजी कादंबरी वाचते आहे. त्यातली मुले घरातून पळून जातात, हे कळल्यापासून मला काळजी वाटते. अशा वाचनाने मुलांच्या मनात नको ते विचार येणार नाहीत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली काळजी मी समजू शकते, परंतु ही कादंबरी मुलीच्या हातून काढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील टल्सा शहरात वाढलेल्या हिंटन यांनी ती पंधराव्या वर्षी लिहायला घेतली आणि १९६७ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या.

यातले पळून जाणे मोहात पाडणारे नाही. आईवडिलांच्या पश्चात धाकट्या भावांना सांभाळणारा विशीतला डॅरी, रात्री उशिरा घरी आलेल्या चौदा वर्षांच्या पोनीबॉयच्या थोबाडीत मारतो आणि तो घराबाहेर धावत सुटतो. त्याच रात्री श्रीमंत मुलांचे टोळके त्याला कारंज्याच्या पाण्यात बुडवू लागते, तेव्हा त्याला वाचवताना मित्र जॉनीच्या हातून एक खून होतो. मालगाडीतून पळालेली ही दोन मुले एका ओसाड चर्चमध्ये लपतात. तिथे ओळख पटू नये म्हणून केस कापावे लागतात, त्याच त्या खाण्याचा वीट येतो आणि घराच्या आठवणीने रडू कोसळते.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करतो तो जॉनीचा एक साधा प्रश्न. आईवडिलांचा मार खात वाढलेला हा मुलगा, भेटायला आलेल्या मित्राला विचारतो, की घरच्यांनी माझी चौकशी केली का? उत्तर ‘नाही’ असे येते. याउलट पोनीबॉय परत भेटतो तेव्हा एरवी कठोर वाटणारा डॅरी रडतो, आणि त्या कठोरपणामागे आणखी एक माणूस गमावण्याची भीती होती, हे धाकट्याला प्रथमच उमगते. घर सोडणारी दोन मुले शेजारी शेजारी ठेवून, कोणाची वाट पाहणारे कोणी आहे आणि कोणाची नाही, हे इतक्या थेटपणे सांगणारे किशोरवयीनांचे लेखन मी फार थोडे वाचले आहे.

कादंबरीत मारामाऱ्या आणि मृत्यू आहेत, तेव्हा मुलगी वाचत असतानाच आपणही ती वाचावी. पळून जाण्याचा विषय आपण होऊन काढू नये. जॉनीचा तो प्रश्न येऊन गेला की त्याच्याविषयी तिला काय वाटले, एवढेच विचारावे आणि ती बोलू लागली की मध्येच न थांबवता ऐकून घ्यावे.