लिनक्सवर वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) विंडोजचं जुनं सॉफ्टवेअर चालतं, पण अक्षरं फार बारीक दिसतात. मोठी कशी करायची?

टर्मिनलमध्ये वाइनसीएफजी (winecfg, म्हणजे वाइनच्या सेटिंग्जची खिडकी) चालवा. ग्राफिक्स टॅबमध्ये खाली डीपीआयची, म्हणजे अक्षरं किती मोठी दिसावीत ते ठरवणारी पट्टी आहे. ती मुळात ९६ वर असते; १२० किंवा १४४ करून बघा आणि सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. मात्र काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बटणांचे आकार ठरीव असतात, तिथे मजकूर कापला जातो. मग १२० वरच समाधान मानायचं.

हा बदल त्या प्रीफिक्समधल्या सगळ्याच प्रोग्रॅमना लागू होतो. प्रीफिक्स म्हणजे वाइनचा सी ड्राइव्ह आणि रजिस्ट्री (सेटिंग्जची नोंदवही) ठेवणारं फोल्डर. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या सॉफ्टवेअरला वाइनप्रीफिक्स (WINEPREFIX) हे व्हेरिएबल वापरून वेगळं फोल्डर द्या. एक बिघडलं तर तेवढंच उडवता येतं. बाकीची घडी विस्कटत नाही. विंडोजची आवृत्ती मात्र वाइनसीएफजीच्या अ‍ॅप्लिकेशन्स टॅबमधून प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी देता येते.

अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर तो फॉन्टचा प्रश्न. हवे ते फॉन्ट त्या सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये टाका.

आणि सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून लावायचं छोटं उपकरण) मागणारं जुनं डीटीपी, म्हणजे छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर असेल, तर वाइनच्या नादी लागू नका. वाइन प्रोग्रॅमने विंडोजला मारलेल्या हाका लिनक्सला समजावतं, पण विंडोजचे ड्रायव्हर सहसा चालवत नाही. तिथे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आत खरं विंडोज चालवणारा आभासी संगणक बरा.