परदेशी पाटीची पोर्शे घेण्याआधी

गोव्यात हणजुण्याला पाहिलेल्या त्या पोर्शेवर तुझा जीव जडलाय हे कळतंय. पण बयाणा द्यायची घाई करू नकोस रे बाबा.

आधी विचार, गाडी देशात आली कशी? परदेशी नंबर असलेली गाडी बहुधा कार्नेवर आलेली असते. कार्ने म्हणजे पर्यटकाच्या गाडीला ड्युटीतून, म्हणजे आयातीवरच्या सीमाशुल्कातून, तात्पुरती सूट देणारा कागद. गाडी सहा महिन्यांत परत न्यायची, हीच त्याची अट. अशी गाडी इथे विकताच येत नाही. मालक कितीही सज्जन असला आणि स्टॅम्पपेपरवर करार करून द्यायला तयार असला, तरी त्या कागदाला किंमत नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ खाली गाडी जप्त होऊ शकते, आणि तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल.

‘नंतर ड्युटी भरू’ असं कोणी म्हणालं तर त्यावरही विसंबू नकोस. जुनी गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. युरोपातली बहुतेक मॉडेलं स्टिअरिंगपाशीच बाद होतात.

ड्युटी भरली आहे म्हणाला, तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्क कागद, माग आणि त्यावरचा सतरा अक्षरी चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघ. फोटोवर भागवू नकोस.

कागद चोख निघाले, तरच गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवून खालून बघ. किनाऱ्यावरचा खारा वारा खालून पत्रा खातो, वरचा रंग मात्र झकास दिसतो. जाताना मला हाक मार, मी येतो.