टोफूच्या भाताचा लगदा होतो, तेव्हा चूक बहुधा पाण्याच्या हिशेबात असते

आपण लिहिले आहे की, कुकरमध्ये टोफू व भाज्या घालून भात केला, तांदळाच्या दुप्पट हे नेहमीचेच पाणी घेतले, तरीही वर लगदा झाला, तळाशी भात लागला आणि टोफूचा भुगा होऊन तो शोधावा लागला. हे वाचताना मला भुसावळच्या आमच्या जुन्या घरातील एक दुपार आठवली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मी पाककलेची शिक्षिका नाही. घरच्या स्वयंपाकात जे हाताला लागले तेवढेच सांगते. फोडणी कशी करावी, भाज्या कशा चिराव्यात हे आपल्याला ठाऊक असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आमच्याकडे त्या दिवशी यावलहून सासरची मंडळी आली होती. एरवी मी दोन वाट्या तांदळाचा हा भात करीत असे आणि तो बरा होत असे, म्हणून निर्धास्तपणे सहा वाट्या कोलम घेतला, हिशेबाने बारा वाट्या पाणी ओतले, टोफूची चार पाकिटे कापून त्यातील तुकडे जसेच्या तसे ओले टाकले, वरून दुधी आणि पाच-सहा टोमॅटो घातले. कुकर उघडला तेव्हा वर पाण्याचे तळे होते. येथपर्यंतही निभावले असते. पण मी झाऱ्याने सगळे ढवळले आणि पाणी आटावे म्हणून झाकण लावून आणखी दोन शिट्ट्या काढल्या. माझी खरी घोडचूक ती. ढवळल्याने फुटलेल्या शितांतील पिठूळ पाणी तळाशी बसून करपले, आणि बंद कुकरमधून वाफ जेमतेम बाहेर पडत असल्यामुळे वरचे पाणी काही आटले नाही. आत्तेसासूबाईंनी एक घास खाल्ला, खिचडीवर घेतात तसे कच्चे शेंगदाण्याचे तेल वरून मागून घेतले आणि म्हणाल्या, "मऊ झाली आहे, लेकरांना चांगली." त्यांनी तिला भात म्हटले नाही, हे मला अजून लागते.

चूक कुठे झाली, हे समजायला मला बरेच दिवस लागले. उघड्या पातेल्यात दुप्पट पाणी चालते, कारण त्यातील बराच भाग वाफ होऊन उडून जातो. कुकरमध्ये तो उडत नाही. शिवाय तांदूळ तिप्पट केला म्हणून उडून जाणारे पाणी तिप्पट होत नाही, त्यामुळे मोठ्या प्रमाणात करताना दुप्पटीचा नियम हमखास फसतो. त्यात टोफूचे पाणी कोणीच मोजत नाही. टोफू म्हणजे सोयाबीनचे दूध क्षारांनी गोठवून दाबलेली वडी. तिच्या वजनात पाण्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो, आणि मीठ व आच लागली की ती ते सोडू लागते. पनीर समजून टोफू वापरला की फसगत होते, कारण पनीरमध्ये स्निग्धांश जास्त असतो आणि पनीर एवढे पाणी सोडत नाही. दुधी आणि टोमॅटो यांचे पाणी वेगळेच.

म्हणून आता मी टोफू स्वच्छ पंचात गुंडाळून दोन ताटांमध्ये ठेवते आणि वर खलबत्ता ठेवून अर्धा तास तसाच राहू देते. 200 ग्रॅमच्या वडीतून खालच्या ताटात तीन-चार चमचे पाणी सहज जमते आणि पंचाही भिजतो. नंतर अंगठ्याएवढे तुकडे करून लोखंडी तव्यावर थोड्या शेंगदाणा तेलात परतते. येथे घाई करू नये. तुकडा तव्याला चिकटला आहे असे वाटले तरी उलथणे लावू नये. खालची बाजू तांबूस झाली की तो आपोआप सुटतो. असे परतलेले तुकडे बाजूला ठेवावेत आणि भात शिजल्यावरच वर पसरून दहा मिनिटे झाकण ठेवावे. भाताबरोबर टोफू शिजवू नये, याबाबत मी हट्टी आहे. पाकिटावर 'सिल्कन' लिहिले असेल, तर तो या भातासाठी घेऊच नये. तो न दाबता साच्यातच गोठवलेला असतो आणि तव्यावर टिकत नाही.

पाण्याचे माझे माप असे आहे: वीस मिनिटे भिजवून निथळलेल्या एक वाटी कोलमला कुकरमध्ये दीड वाटी, जाड बुडाच्या पातेल्यात पावणेदोन वाट्या, आणि दोन्हीकडे ते उकळतेच. तांदूळ नवा असेल तर आणखी थोडे कमी. टोमॅटो एकच, तोही तेल सुटेपर्यंत परतलेला. दुधी वगळून गाजर, फरसबी, मटार घ्यावेत. पाणी ओतल्यावर चव घ्यावी, ते किंचित खारट लागले पाहिजे. त्यानंतर ढवळणे बंद. आपला कुकर आणि तांदूळ मला ठाऊक नाहीत, त्यामुळे पहिल्या खेपेला एकच वाटी करून पाहावी.

काळा मसाला एका वाटीला अर्धा चमचा पुरतो, आणि तो घातला तर सोया सॉस घालू नये. दोन्ही एकत्र आले की कोणाचीच चव कळत नाही. बामणोदची भरिताची वांगी घरात आहेत म्हणून कोणी ती या भातात ढकलतात. त्यांची जागा विस्तवावर आहे, येथे ती विरघळून पुन्हा चिखल करतात. कांद्याची पात मात्र अगदी शेवटी जरूर घालावी.

टोफूच्या खरेदीबद्दलही सांगते. एका दुकानात रात्री फ्रीज बंद करीत असत, हे मला नंतर कळले. मे महिन्यातील आपल्याकडचा उन्हाळा आणि बंद फ्रीज. पाकीट फुगलेले, आतले पाणी गढूळ, वास आंबट. तक्रार केल्यावर "सोयाबीनचा वासच तसा असतो" असे ऐकवले आणि पैसे परत दिले नाहीत. ताज्या टोफूला आंबट वास येत नाही. फुगलेले पाकीट दुकानातच ठेवून यावे.

आताचा लगदा टाकून देऊ नये. न लागलेला वरचा भाग परातीत पसरून गार करावा, आणि संध्याकाळी त्यात ज्वारीचे पीठ, लसूण व हिरवी मिरची मिसळून तव्यावर थापावा. खालची खरपुडी काळी झाली नसेल, तर ती आमच्याकडे मुले आधी पळवतात.