डेबियन लिनक्सच्या चरूटमध्ये (एखादं फोल्डरच प्रोग्रामला पूर्ण सिस्टिम वाटावं अशी सोय) अॅन्सिबलने (मशिनींचं सेटअप आपोआप करणारं टूल) मशिनींसाठी डिस्क इमेज बनवतोय, सर्व्हिस स्टार्टच्या टास्कला दरवेळी एरर येते, तिथे एरर इग्नोर करून पुढे गेलं तर चालेल का?

नाही चालणार. चरूट म्हणजे छोटी व्हीएम (व्हर्च्युअल मशिन) नव्हे, फक्त रूट डिरेक्टरी बदलते. प्रोसेस, नेटवर्क, पोर्ट सगळं होस्टचंच. आत सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) पीआयडी १, म्हणजे पहिली प्रोसेस, म्हणून चालत नाही, मग स्टार्ट करणार कोण? एनेबल (बूटला आपोआप सुरू हो असं सांगणं) मात्र होतं कारण ते नुसतं सिमलिंक, म्हणजे फाइलकडे बोट दाखवणारी लिंक, बनवतं. त्यामुळे टास्कमधून स्टेट स्टार्टेड काढा, एनेबल्ड ठेवा.

हे मी एका सीनियरला महिनाभर सांगत होतो. आमच्या इमेजमध्ये पॅकेज टाकलं की त्याची जुन्या पद्धतीची इनिट स्क्रिप्ट डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) सुरू करायची आणि तो होस्टवरच चालायचा, मग इमेज अनमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' अशी एरर. म्हणून मी आत यूएसआर-एसबिनमध्ये पॉलिसी-आरसी.डी फाइल टाकली, दोन ओळींची, एक्झिट १०१, म्हणजे कुठलीच सर्व्हिस सुरू करू नको, आणि बिल्डच्या शेवटी ती डिलीट करायची ओळ लिहिली. ती ओळ त्या सीनियरने काढली, म्हणजे फाइल इमेजमध्ये तशीच राहिली. "राहू दे रे, काय बिघडतंय." मशिनी बूट झाल्या, सगळं हिरवं. दोन महिन्यांनी एसएसएचचं सिक्युरिटी अपडेट आलं, पॅकेज सगळीकडे नवीन दिसत होतं, पण मी सहज प्रोकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) एसएसएचडीची, म्हणजे एसएसएचच्या डेमनची, एक्झी लिंक बघितली तर पुढे 'डिलीटेड' लिहिलेलं, म्हणजे मेमरीत जुनाच डेमन चालू होता. एपीटीच्या (पॅकेज टाकणारं टूल) लॉगमध्ये स्वच्छ ओळ होती, पॉलिसी-आरसी.डी डिनाइड एक्झिक्युशन ऑफ रीस्टार्ट, म्हणजे त्या फाइलने रीस्टार्ट होऊच दिलं नव्हतं. एवढे दिवस आम्ही पॅच झालेत असं समजून बसलो होतो! त्या मीटिंगमध्ये चूक माझ्या स्क्रिप्टवर ढकलली गेली आणि मी गप्प बसलो, ते अजून सलतं.

म्हणून सांगतो, एरर गिळू नका. ती फाइल टाका, एक्झिक्युटेबल करा (नाहीतर तिच्याकडे कोणी बघतही नाही) आणि इमेज पॅक करायच्या आधी ती नक्की गेलीय का हे बिल्डमध्येच तपासा, असेल तर बिल्ड फेल करा. कोणी कितीही सीनियर असो, ती ओळ काढू देऊ नका, काढलीच तर लेखी मागा.

हां, डेटाबेसमध्ये युजर बनवायचा वगैरे असेल तर सर्व्हिस खरंच चालू लागते, ते काम पहिल्या बूटला वनशॉट युनिटने (एकदाच चालून संपणारं सिस्टिमडीचं काम) करा किंवा चरूट सोडून सिस्टिमडी-एनस्पॉन (कंटेनर चालवणारं टूल) बूट ऑप्शनने वापरा. आणि ही फाइल डेबियन-उबंटूच्या घराण्यातच चालते, आरपीएमवाल्यांना (रेड हॅट, फेडोरा वगैरे) तिचा उपयोग नाही.